लॉर्ड, सर, लेडी: नाव कुठं, आडनाव कुठं आणि समोरासमोर काय म्हणायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही ऐतिहासिक कादंबरी लिहिताय. पहिला भाग १८०३ च्या असईच्या लढाईचा, मधला पेशवाईच्या अखेरचा, शेवटचा १९४७ च्या दिल्लीतला. हस्तलिखितातली तीन वाक्यं तुम्ही नमुन्यादाखल दिली आहेत: 'असईच्या रणात लॉर्ड वेलिंग्टनचा घोडा पडला', 'लॉर्ड एल्फिन्स्टनने सर माल्कमना खलिता धाडला' आणि 'लेडी एडविना हसल्या'. एकानं सांगितलं की यात चुका आहेत, दुसऱ्यानं सांगितलं की मराठी वाचकाला काय फरक पडतो, सगळीकडे 'लॉर्ड' ठेवा. खरं काय, आणि पात्रांनी एकमेकांना कसं हाक मारायचं, हे तुम्हाला हवंय.

तिन्ही वाक्यांत चूक आहे, आणि तिन्हींत ती वेगळ्या जातीची आहे. म्हणून नुसता तक्ता देऊन भागणार नाही.

आपल्याकडे 'राव', 'पंत', 'साहेब' हे नावाला जोडायचे आदराचे शब्द. कुणालाही लावले तरी बिघडत नाही. इंग्रजी 'लॉर्ड' आणि 'सर' आपण तसेच वापरतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. ब्रिटिश पद्धतीत किताब हा माणसाच्या नावाचाच भाग होतो, कधी कधी तर मूळ नाव पुसून त्याच्या जागी बसतो. त्यामुळे हस्तलिखित तपासताना प्रत्येक किताबाला मी तीन प्रश्न विचारतो. हा किताब त्या व्यक्तीचा स्वतःचा, वडिलांमुळे आलेला की नवऱ्यामुळे? तो कोणत्या दर्जाचा? आणि ज्या दिवसाचा प्रसंग आहे त्या दिवशी तो मिळालेला होता का? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो.

आधी दर्जा. उमरावांच्या पाच पायऱ्या वरून खाली अशा: ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. त्यांच्या बायका अनुक्रमे डचेस, मार्शनेस, काउंटेस, व्हायकाउंटेस, बॅरनेस. अर्लची बायको काउंटेस कशी, असा गोंधळ होतो. 'अर्ल' या शब्दाला इंग्रजीत स्त्रीरूपच नाही, म्हणून युरोपातल्या 'काउंट'चं घेतलं. खालच्या चारही पायऱ्यांना बोलताना आणि साध्या लिखाणात 'लॉर्ड अमुक' म्हणतात. ड्यूकला मात्र कधीच 'लॉर्ड' म्हणत नाहीत, तो 'ड्यूक'च. या पाचांच्या खाली बॅरोनेट आणि नाइट. हे दोघे उमराव नव्हेत, लॉर्डांच्या सभागृहात त्यांना किताबामुळे जागा नाही. दोघांनाही 'सर' लागतं. फरक इतकाच की बॅरोनेटचा किताब वंशपरंपरेनं जातो, नाइटचा त्याच्याबरोबर संपतो. जमशेटजी जीजीभॉय १८४२ मध्ये नाइट झाले आणि १८५७ मध्ये बॅरोनेट. म्हणजे 'सर' आधीही होतं आणि नंतरही, पण १८५७ नंतर ते घराण्यात राहिलं. पुढच्या वारसांनी किताबाबरोबर 'जमशेटजी जीजीभॉय' हे नावही घ्यायचं, असा कायदाच झाला. त्यामुळे या नावाचा माणूस दिसला की तो कितवा, हे तारखेवरून ठरवावं लागतं.

आता सगळ्यात उपयोगी नियम. 'सर' नेहमी पहिल्या नावाला लागतं, आडनावाला कधीच नाही. पूर्ण नाव 'सर जॉन माल्कम', दुसऱ्या उल्लेखात 'सर जॉन'. 'सर माल्कम' हा प्रकार इंग्रजीत अस्तित्वातच नाही. झाशीला वेढा घालणारा 'सर ह्यू रोज' किंवा 'सर ह्यू', 'सर रोज' नव्हे. लष्करी हुद्दा घेतलात तर 'जनरल रोज' चालतं, कारण हुद्दा आडनावाला लागतो. बायकोचं उलटं: माल्कमची बायको 'लेडी माल्कम', म्हणजे 'लेडी'पुढे आडनाव. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई म्हणूनच 'लेडी टाटा', आणि त्यांच्या नावाच्या न्यासातही नेमकं तेच आहे.

उमरावाचं बरोबर उलटं. 'लॉर्ड'पुढे किताबाचं नाव येतं, पहिलं नाव येत नाही. किताबाचं नाव कधी आडनावच असतं, जसं कर्झन किंवा कॅनिंग. कधी आडनावाशी त्याचा काही संबंधच नसतो. लॉर्ड लिनलिथगोचं आडनाव होप, लॉर्ड रिपनचं रॉबिन्सन. 'लॉर्ड जॉर्ज कर्झन' असं मराठीत हरघडी छापलेलं दिसतं. पण 'लॉर्ड' अधिक पहिलं नाव अधिक आडनाव ही रचना वेगळ्याच माणसांसाठी राखलेली आहे: ड्यूक किंवा मार्क्वेसच्या धाकट्या मुलांसाठी. जाणता वाचक 'लॉर्ड जॉर्ज कर्झन' वाचून समजेल की हा कुणा ड्यूकचा धाकटा मुलगा. तसंच 'अर्ल ऑफ मिंटो' बरोबर, 'लॉर्ड मिंटो' बरोबर, 'लॉर्ड ऑफ मिंटो' चूक. 'लॉर्ड' आलं की मधला 'ऑफ' गळतो.

मुलांची गंमत इथेच संपवतो. ड्यूक, मार्क्वेस आणि अर्ल यांच्या मुली 'लेडी' अधिक पहिलं नाव. ड्यूक आणि मार्क्वेसचे धाकटे मुलगे 'लॉर्ड' अधिक पहिलं नाव. अर्लचे धाकटे मुलगे आणि व्हायकाउंट-बॅरनची सगळी मुलं 'ऑनरेबल', आणि हा शब्द फक्त पाकिटावर आणि यादीत. तोंडानं कुणी उच्चारत नाही, बोलताना ते 'मिस्टर' आणि 'मिस'. वरच्या तीन पायऱ्यांचा थोरला मुलगा वडिलांच्या दुय्यम किताबांपैकी एक मानानं वापरतो. डलहौसी वारसा मिळण्याआधी 'लॉर्ड रॅमसे' होता आणि त्याच नावानं १८३७ मध्ये कॉमन्स सभेत निवडून आला. कायद्यानं तो तेव्हा उमराव नव्हता, किताब नुसता मानाचा होता, म्हणूनच ते शक्य झालं.

हे सगळं हाताशी ठेवून आता तुमचा तिसरा भाग बघू, कारण 'लेडी एडविना' ही चूक फार रुजली आहे.

लुई माउंटबॅटन जन्मानं बॅटनबर्गचा राजपुत्र. १९१७ मध्ये घराण्यानं जर्मन नावं टाकली, वडील मार्क्वेस ऑफ मिलफर्ड हेवन झाले आणि धाकटा मुलगा म्हणून हा 'लॉर्ड लुई माउंटबॅटन' झाला. म्हणजे ही वडिलांमुळे आलेली 'लॉर्ड'की. त्या काळात त्याला 'लॉर्ड लुई' म्हणायचं. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियाचा सेनापती असलेला माणूस 'लॉर्ड लुई'च. १९४६ मध्ये त्याला स्वतःचा किताब मिळाला, व्हायकाउंट माउंटबॅटन ऑफ बर्मा. तिथून तो 'लॉर्ड माउंटबॅटन'. मार्च १९४७ मध्ये दिल्लीला आला तो व्हायकाउंट म्हणून. अर्ल झाला ऑक्टोबर १९४७ मध्ये, स्वातंत्र्यानंतर. त्यामुळे १५ ऑगस्टच्या प्रसंगात 'अर्ल माउंटबॅटन' लिहिलंत तर ते अडीच महिने आधीचं होईल. 'लॉर्ड माउंटबॅटन' लिहा, दोन्हीकडे चालतं.

आता एडविना. त्यांच्या वडिलांना पुढे बॅरनचा किताब मिळाला. बॅरनच्या मुलीला 'लेडी' लागत नाही, हे वर आलंच. म्हणजे पहिल्या नावाला 'लेडी' लावण्याचा हक्क त्यांना वडिलांकडून नव्हता. नवऱ्याकडून जे आलं ते असं: १९४६ पर्यंत त्या 'लेडी लुई माउंटबॅटन'. होय, नवऱ्याचं पहिलं नाव. मानाच्या 'लॉर्ड'ची बायको नवऱ्याचं अख्खं नाव घेते. १९४६ नंतर 'लेडी माउंटबॅटन'. 'लेडी एडविना' त्या एकाही दिवशी नव्हत्या. कादंबरीत निवेदक त्यांना नुसतं 'एडविना' म्हणू शकतो, ते तुमच्या शैलीवर आहे. पण दुसऱ्या पात्राच्या तोंडी 'लेडी एडविना' नको.

आता तारखांचा भाग. यात मराठी इतिहासलेखनाचं नुकसान जास्त झालं आहे, कारण आपण माणसाला त्याच्या शेवटच्या किताबानं ओळखतो आणि तो मागे ओढत नेतो. १८३५ मध्ये शिक्षणाचं ते टिपण लिहिणारा 'मिस्टर मेकॉले' होता, लॉर्ड झाला १८५७ मध्ये. प्लासीला १७५७ मध्ये 'कर्नल क्लाइव्ह' होता, बॅरन झाला १७६२ मध्ये. दिल्ली आणि लासवारी जिंकताना १८०३ मध्ये 'जनरल लेक', आणि १८०५ च्या आरंभी भरतपूरला डोकं आपटताना 'लॉर्ड लेक', कारण मध्ये १८०४ मध्ये किताब आला. इथे आणखी एक बारकावा: किताब लंडनमध्ये जाहीर व्हायचा आणि बातमी शिडाच्या जहाजानं यायची, त्याला कित्येक महिने लागायचे. म्हणून जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या छावणीतल्या शिपायानं नवा किताब वापरू नये. सुरक्षित राहायचं तर अर्धं वर्ष सोडा.

असईला कोण होता? मेजर जनरल आर्थर वेलस्ली. 'सर' झाला १८०४ मध्ये, 'व्हायकाउंट वेलिंग्टन' १८०९ मध्ये आणि ड्यूक १८१४ मध्ये. २३ सप्टेंबर १८०३ ला 'वेलिंग्टन' हे नावच जगात या माणसासाठी नव्हतं. यात भर म्हणजे त्या वेळी खरोखरीचा एक 'लॉर्ड वेलस्ली' होता: त्याचा थोरला भाऊ रिचर्ड, मार्क्वेस वेलस्ली, कलकत्त्याला गव्हर्नर जनरल. म्हणून तुमच्या पहिल्या भागात 'लॉर्ड वेलस्ली' म्हणजे कलकत्त्याचा भाऊ आणि 'जनरल वेलस्ली' म्हणजे रणातला. हा भेद पाळलात तर वाचक आपोआप सरळ रस्त्यावर राहतो. सगळीकडे 'लॉर्ड' ठेवलं तर दोन भावांचा एक माणूस होतो. 'मराठी वाचकाला काय फरक पडतो' याचं माझ्याकडचं उत्तर हेच आहे.

हेस्टिंग्जचंही असंच. वॉरन हेस्टिंग्ज कधीही लॉर्ड नव्हता. 'लॉर्ड हेस्टिंग्ज' हा १८१३ ते १८२३ चा गव्हर्नर जनरल, ज्याच्या काळात पेशवाई बुडाली. आणि तो आला तेव्हा 'लॉर्ड मॉयरा' होता, १८१७ मध्ये मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज झाला. उलट दिशेनंही फसायला होतं: १९३१ मध्ये गांधीजींशी करार करणारा 'लॉर्ड आयर्विन' आणि १९३८ मधला ब्रिटिश परराष्ट्रमंत्री 'लॉर्ड हॅलिफॅक्स' हा एकच माणूस. वडिलांचा किताब आला आणि नाव बदललं. मिंटो दोन आहेत, १८०७ चा गव्हर्नर जनरल आणि १९०५ चा व्हाइसरॉय, पणजोबा आणि पणतू. एल्गिनही दोन, बाप आणि मुलगा. १८९७ च्या प्लेगच्या वेळचा तो मुलगा. अशा ठिकाणी पहिल्या उल्लेखात 'आठवा अर्ल', 'नववा अर्ल' असा अनुक्रम द्यावा, पुढे गरज नाही.

एल्फिन्स्टनवर जरा थांबतो. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पुण्याचा रेसिडेंट आणि १८१९ ते १८२७ चा मुंबईचा गव्हर्नर, हा अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा चौथा मुलगा. बॅरनचा मुलगा म्हणजे 'ऑनरेबल', बोलताना 'मिस्टर एल्फिन्स्टन'. आयुष्यभर तेवढंच. 'लॉर्ड एल्फिन्स्टन' हा त्याचा पुतण्या जॉन, तेरावा लॉर्ड, १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर. मुंबईत दोघांचीही नावं राहिली: कॉलेजचं नाव काकाचं, ज्याला आज आपण हॉर्निमन सर्कल म्हणतो त्याचं जुनं नाव पुतण्याचं. तुमच्या मधल्या भागात काका आहे, तेव्हा 'लॉर्ड' काढा.

माल्कमला 'सर' १८१२ मध्ये लागलं. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव त्याच्या स्वाधीन झाला तेव्हा तो 'सर जॉन' होताच. १८०३ मध्ये मात्र नव्हता. तुमच्या पहिल्या भागातही तो येत असेल तर तिथं फक्त लष्करी हुद्दा.

आता समोरासमोरचं बोलणं. इथे बरंच काही परिस्थितीवर आहे: बोलणारा नोकर आहे, बरोबरीचा आहे की जुना दोस्त. ड्यूकला नोकर, शेतकरी, दुकानदार 'युवर ग्रेस' म्हणतील. बरोबरीचा माणूस नुसतं 'ड्यूक'. खालच्या चौघांना खालचे लोक 'माय लॉर्ड' किंवा 'युवर लॉर्डशिप', त्यांच्या बायकांना 'माय लेडी', 'युवर लेडीशिप'. बरोबरीचे 'लॉर्ड कर्झन'. जवळचा मित्र नुसतं 'कर्झन', आणि त्यात उर्मटपणा नाही, उलट जवळीक आहे. उमराव सहीही तशीच करतो, पहिलं नाव न लिहिता, नुसता किताब. पत्राचा शेवट दाखवणार असाल तर हे वापरा. 'मिलॉर्ड' म्हणून प्रत्येक वाक्य सुरू करायचं नाही. भेटीच्या सुरुवातीला एकदा आणि निघताना एकदा पुरतं.

राणी किंवा राजा असेल तर पहिल्यांदा 'युवर मॅजेस्टी', त्यानंतर राणीला 'मॅम' आणि राजाला 'सर'. राजघराण्यातल्या इतरांना आधी 'युवर रॉयल हायनेस', मग तेच. 'युवर' हे समोर असताना, 'हिज' किंवा 'हर' हे त्यांच्याविषयी बोलताना. 'हिज हायनेस, आपण बसावं' अशी वाक्यं छापलेली पाहिली की वाईट वाटतं, कारण बाकी सगळं मेहनतीनं केलेलं असतं. व्हिक्टोरियाबद्दल एक तारीख लक्षात ठेवा: हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब तिनं १८७६ च्या कायद्यानं घेतला आणि १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात तो जाहीर झाला. १८५७ मधल्या पात्रासाठी ती फक्त राणी.

व्हाइसरॉय आणि मुंबईचा गव्हर्नर यांना 'युवर एक्सलन्सी'. हा मान खुर्चीचा आहे, माणसाचा नव्हे. खुर्ची सुटली की मान सुटतो, पण 'लॉर्ड' राहतं. म्हणून १९४७ च्या दिल्लीत माउंटबॅटनना कर्मचारी 'युवर एक्सलन्सी' म्हणतील, 'युवर लॉर्डशिप' नव्हे.

संस्थानिकांना इंग्रज 'हायनेस' म्हणत, तेही सगळ्यांना नव्हे. साधारणपणे अकरा किंवा अधिक तोफांची सलामी असेल त्यांना. १८५८ नंतर 'मॅजेस्टी' हा शब्द त्यांनी आपल्या राजासाठी राखून ठेवला होता, कितीही मोठं संस्थान असलं तरी तो दिला नाही. तुमच्या मधल्या भागात इंग्रज पात्र पेशव्याविषयी 'हिज हायनेस' म्हणेल. वसईच्या तहात 'राव पंडित प्रधान बहादूर' असा उल्लेख आहे. मराठी पात्र मात्र 'श्रीमंत' म्हणेल. 'महाराज' म्हणजे साताऱ्याचे छत्रपती. बाजीरावाला पुण्याच्या कारकुनाच्या तोंडून 'महाराज' म्हणवणं हे 'लेडी एडविना'च्या जातीचंच आहे.

मराठीत उतरवताना मी दोन गोष्टी पाळतो. दर्जाची नावं भाषांतरित करत नाही. ड्यूकला 'सरदार' आणि बॅरनला 'जहागीरदार' केलं की आपल्याकडचा अर्थ चिकटतो आणि पायऱ्या हरवतात. आणि संबोधनानंतर 'आपण' वापरतो: 'माय लॉर्ड, आपण उद्या निघणार?' 'युवर लॉर्डशिप उद्या निघणार?' हे इंग्रजीत ठीक, मराठीत अडखळतं. मराठी खेड्यातलं पात्र असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. ज्या लोकांनी कॅप्टन स्टुअर्टचा 'इष्टुर फाकडा' केला ते 'युवर लॉर्डशिप' म्हणणार नाहीत. त्यांच्या तोंडी 'साहेब' किंवा पुढच्या काळात 'लाटसाहेब' शोभतं, आणि हा 'लाट' म्हणजे 'लॉर्ड'च.

एक इशारा, कारण तुम्ही मनोगतात आजच्या माणसांचाही उल्लेख करणार आहात. ब्रिटनचा राजा ज्या देशाचा राष्ट्रप्रमुख नाही तिथल्या नागरिकाला नाइटचा मान मिळाला तर तो मानद असतो, 'सर' लागत नाही. रतन नवल टाटांना २००९ आणि २०१४ मध्ये असे मान मिळाले, तरी 'सर रतन टाटा' म्हणजे ते नव्हेत. ते १९१६ मध्ये नाइट झालेले, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, ज्यांच्या नावाचा ट्रस्ट आहे. आणि जुन्या काळातही प्रत्येक मानाला 'सर' नव्हतं. गोखल्यांना सी.आय.ई. होतं, म्हणजे 'ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर' या मानाची खालची पायरी, त्याला 'सर' लागत नाही. त्याच मानाच्या वरच्या, नाइटच्या पायरीला, के.सी.आय.ई.ला लागतं, आणि तो त्यांनी नाकारला. भांडारकरांना १९११ मध्ये के.सी.आय.ई. मिळालं, म्हणून 'सर रामकृष्ण'.

तर तुमची वाक्यं अशी होतील. 'असईच्या रणात जनरल वेलस्लीचा घोडा पडला.' 'एल्फिन्स्टनसाहेबांनी सर जॉन माल्कमना खलिता धाडला'. इंग्रज पात्र बोलत असेल तर 'मिस्टर एल्फिन्स्टन'. आणि 'लेडी माउंटबॅटन हसल्या'. हस्तलिखितात 'लॉर्ड', 'सर', 'लेडी' हे तीन शब्द शोधून प्रत्येक जागी प्रसंगाची तारीख समासात लिहा. बाकीच्या चुका तिथेच दिसतील. एखाद्या नावावर अडलात तर नाव आणि वर्ष दोन्ही कळवा, नुसत्या नावावरून सांगता येणार नाही.